गांधीजींकडे चर्चगेटचा फर्स्ट क्लासचा पास होता, पण ते आयुष्यभर भांडले तिसऱ्या वर्गासाठी

साल १९०२. मोहनदास गांधी नावाचे एक बॅरिस्टर मुंबईत वकिली जमवायच्या प्रयत्नात होते. आधी गिरगावात राहिले, मग घरातल्या आजारपणामुळे मोकळ्या हवेचं घर शोधत सांताक्रूझला गेले.

तिथून कोर्टात जायला त्यांनी लोकलचा पास काढला. सांताक्रूझ ते चर्चगेट, फर्स्ट क्लास.

कधीकधी अख्ख्या डब्यात ते एकटेच असायचे आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही वाटायचा, असं त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. वांद्र्याहून चर्चगेटला थेट जाणारी जलद गाडी मिळायची, म्हणून ते बऱ्याचदा सांताक्रूझहून वांद्र्यापर्यंत चालत जायचे. थोडक्यात काय, तर आजचा मुंबईकर जे गणित रोज डोक्यात मांडतो, तेच गणित गांधीजीही मांडत होते.

गांधीजींचं आयुष्य आपण सत्याग्रह, चरखा आणि उपोषण यांतून वाचतो. पण हा माणूस आयुष्यभर प्रवासीही होता. गाडीत बसल्यावर ते डब्यातली जागा मोजायचे, पाणी तपासायचे, तिकिटाचे दर ताडून बघायचे आणि उतरल्यावर रेल्वेला पत्र लिहायचे.

सगळ्यांनी मिळून वापरायची वाहनं कशी असावीत हे ठरवताना ती वापरणाऱ्यांना कुणी विचारतं का? आज मेट्रो, बस आणि लोकलबद्दल विचारला जाणारा हा प्रश्न गांधीजींनी शंभर वर्षांपूर्वी रेल्वेला विचारला होता. गोष्ट सुरू होते दक्षिण आफ्रिकेत आणि येऊन पोहोचते वर्ध्याला.

नियम कुणी केला?

१८९३ च्या जून महिन्यात पीटरमॅरित्झबर्ग स्टेशनवर २३ वर्षांच्या गांधीजींना फर्स्ट क्लासचं तिकीट असताना गाडीतून खाली उतरवलं, ही गोष्ट सगळ्यांना माहिती आहे. त्यानंतर काय झालं, ते मात्र फारसं सांगितलं जात नाही.

प्रिटोरियाला पोहोचल्यावर त्यांनी रेल्वेच्या अधिकाऱ्यांशी पत्रव्यवहार सुरू केला. मुद्दा साधा होता. भारतीयांना अशी वागणूक देणं हे तुमच्याच नियमात बसत नाही, हे त्यांनी रेल्वेला दाखवून दिलं.

रेल्वेचं उत्तर आलं. ज्या भारतीयांचा पोशाख व्यवस्थित असेल, त्यांना पहिल्या आणि दुसऱ्या वर्गाचं तिकीट मिळेल.

वरवर बघितलं तर हा विजय होता. पण पोशाख व्यवस्थित आहे की नाही हे ठरवणार कोण? स्टेशन मास्तर. म्हणजे दार उघडलं खरं, पण किल्ली त्यांच्याच खिशात राहिली. वरून मिळालेली सवलत आणि हक्क यांतला फरक गांधीजींना इथे दिसला.

पुढे १९०६ मध्ये जोहान्सबर्ग शहरात विजेवर चालणारी नवी ट्राम सुरू झाली. ट्राम नगरपालिकेची होती, कर भारतीयही भरत होते, पण ट्राममध्ये बसायला त्यांना बंदी होती.

मग भारतीयांच्या संघटनेनं एक चाचणी खटला उभा केला. इब्राहिम सालेजी कुवाडिया हे व्यापारी एका गोऱ्या सहकाऱ्याबरोबर ट्राममध्ये चढायला गेले. कंडक्टरनं त्यांना अडवलं. गोऱ्या माणसाचा नोकर म्हणून चढता येत होतं, स्वतंत्र प्रवासी म्हणून नाही. प्रकरण कोर्टात गेलं आणि निकाल भारतीयांच्या बाजूनं लागला.

पण नगरपालिकेनं हार मानली नाही. देवीच्या साथीच्या वेळची जुनी नियमावली तिनं बाहेर काढली आणि बंदी पुन्हा लादली.

कोर्टात जिंकूनही ट्रामचं दार बंदच राहिलं, कारण नियम करणाऱ्यांच्या टेबलावर भारतीयांना जागाच नव्हती.

१२ आण्यांची पिशवी आणि तिसरा वर्ग

आता थोडं मागे, मुंबईतल्या त्या पासाच्या काही महिने आधी जाऊ.

१९०१ च्या अखेरीस गांधीजी कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनाला आले होते. अधिवेशनानंतर महिनाभर ते गोपाळ कृष्ण गोखल्यांकडे राहिले. परतताना त्यांनी ठरवलं, की कलकत्ता ते राजकोट हा प्रवास तिसऱ्या वर्गानं करायचा. कारण एकच. तिथले लोक कसा प्रवास करतात ते स्वतः बघायचं होतं.

गोखल्यांनी आधी ही कल्पना थट्टेवारी नेली. पण त्यामागचा हेतू कळल्यावर ते खूश झाले. एक डबा भरून लाडू आणि पुऱ्या त्यांनी दिल्या. गांधीजींनी १२ आण्यांची एक कॅनव्हासची पिशवी घेतली, सोबत जाडाभरडा लोकरी कोट, पांघरूण आणि तांब्या. निरोप द्यायला स्टेशनवर गोखले आले आणि रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र रायही आले.

वाटेत काशी, आग्रा, जयपूर आणि पालनपूर. मुक्काम धर्मशाळेत, नाहीतर पंड्यांच्या घरी. रेल्वेच्या भाड्यासकट या अख्ख्या प्रवासाचा खर्च ३१ रुपयांच्या आत बसला.

या प्रवासातून त्यांनी दोन गोष्टी नोंदवल्या.

पहिली म्हणजे रेल्वेचं प्रशासन तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला माणूस समजत नाही. मेंढरांसारखं कोंबायचं आणि न्यायचं.

दुसरी म्हणजे प्रवासी स्वतःही डबा घाण करतात, कुठेही थुंकतात, आरडाओरडा करतात, शेजाऱ्याचा विचार करत नाहीत.

बरेच जण यातली एकच बाजू बघतात. कुणी सगळं खापर सरकारवर फोडतं, कुणी लोकांवर. गांधीजींनी दोन्ही बाजू धरल्या आणि त्यावर उपायही सांगितला. शिकलेल्या लोकांनी मुद्दाम तिसऱ्या वर्गानं प्रवास करावा, सोबतच्यांच्या सवयी बदलायला मदत करावी आणि गैरसोय दिसेल तिथे तक्रार करून अधिकाऱ्यांना स्वस्थ बसू देऊ नये. स्वतःच्या सोयीसाठी लाच देऊ नये आणि कुणी नियम मोडत असेल तर ते खपवून घेऊ नये.

यानंतरच ते मुंबईत आले आणि फर्स्ट क्लासचा पास काढून फिरू लागले. म्हणजे प्रश्न कळला होता, पण तो अजून अंगात मुरायचा होता.

शिंप्यानं सांगितलेली गोष्ट

९ जानेवारी १९१५ ला गांधीजी भारतात कायमचे परतले. काही दिवसांतच ते तिसऱ्या वर्गानं काठियावाडला निघाले.

तेव्हा प्लेगमुळे तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशांची वाटेत वैद्यकीय तपासणी व्हायची. वरच्या वर्गांना मात्र हा जाच नव्हता. गांधीजींना थोडा ताप होता, म्हणून त्यांनाही राजकोटला डॉक्टरांसमोर हजर राहायला सांगण्यात आलं.

याच प्रवासात वढवाण स्टेशनवर मोतीलाल नावाचा एक शिंपी त्यांना भेटायला आला. विरमगामला रेल्वे प्रवाशांची जकातीसाठी झडती घेतात आणि त्यात लोकांचे फार हाल होतात, असं त्यानं सांगितलं.

गांधीजींनी लगेच भाषण ठोकलं नाही. त्यांनी मोतीलालला विचारलं, की या कामासाठी तुरुंगात जायची तुमची तयारी आहे का. मग काठियावाडभर फिरताना ते लोकांकडून तक्रारी गोळा करत राहिले. जकातीबद्दलची कागदपत्रं वाचली. मुंबई सरकारला लिहिलं, गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांना भेटले. तिथून उत्तर आलं, की हे प्रकरण दिल्लीच्या हातात आहे.

अखेर गांधीजींची भेट व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांच्याशी झाली आणि त्यांनी सगळं ऐकून आश्चर्य व्यक्त केलं. त्यांना यातलं काहीच माहिती नव्हतं. त्यांनी कागद मागवले आणि थोड्याच दिवसांत विरमगामची जकात उठली.

वढवाणच्या शिंप्याला जे रोज दिसत होतं, ते देशाच्या सर्वोच्च अधिकाऱ्यापर्यंत पोहोचायला दोनेक वर्षं लागली. मधली अख्खी यंत्रणा चालू होती, पण ती प्रवाशांकडून काही ऐकण्यासाठी बनलेलीच नव्हती.

खिडकीतून आत ढकललेला प्रवासी

१९१७. गांधीजी कराचीहून कलकत्त्याला निघाले होते. गिरमिटिया मजुरीच्या विरोधातली सभा होती, वेळेत पोहोचणं गरजेचं होतं. लाहोरला गाडी बदलायची होती आणि गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती.

एका हमालानं १२ आणे मागितले आणि त्यांना सरळ खिडकीतून आत ढकललं.

आत दोन तास ते वरच्या फळीची साखळी धरून उभे होते. गंमत म्हणजे वरच्या फळ्यांवर पाय पसरून झोपलेले प्रवासीच त्यांना सारखं विचारत होते, की तुम्ही खाली का बसत नाही. शेवटी कुणीतरी नाव विचारलं. नाव कळल्यावर ती मंडळी ओशाळली, माफी मागितली आणि जागा करून दिली.

नाव मोठं होतं म्हणून जागा मिळाली. ज्याचं नाव मोठं नाही, त्याचं काय? या प्रश्नाचं उत्तर त्यांनी त्याच वर्षी लिहून काढलं.

चंपारणची पद्धत, रेल्वेच्या डब्यात

१९१७ हे चंपारणचंही साल. निळीच्या शेतकऱ्यांचे हाल ऐकून गांधीजी बिहारला गेले आणि तिथे त्यांनी एक काम केलं. शेतकऱ्यांना बसवून घेतलं आणि त्यांच्या जबान्या लिहून घेतल्या. हजारो जबान्या. उलटतपासणी घेऊन, खऱ्याखोट्याची शहानिशा करून. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली आणि त्या समितीत खुद्द गांधीजीही सदस्य होते.

त्याच समितीच्या कामासाठी सप्टेंबरमध्ये ते रांचीत होते. तिथूनच २५ सप्टेंबर १९१७ ला त्यांनी वर्तमानपत्रांना एक लांबलचक पत्र लिहिलं. विषय होता भारतीय रेल्वेचा तिसरा वर्ग.

या पत्रात मोठे शब्द कमी आणि तपशील जास्त आहे. भारतात आल्यापासून अडीच वर्षांत आपण बहुतेक प्रवास तिसऱ्या वर्गानं केला, असं सांगून त्यांनी नुकत्याच केलेल्या मुंबई ते मद्रास प्रवासाची नोंद दिली.

• भाडं १३ रुपये ९ आणे.

• डब्यावर २२ प्रवाशांची क्षमता लिहिलेली. तीही फक्त बसण्याची, झोपायला फळ्या नाहीत. प्रवास दोन रात्रींचा.

• पुण्यापर्यंत कसंबसं निभावलं, कारण आतले दांडगे प्रवासी बाहेरच्यांना चढूच देत नव्हते. रायचूरनंतर गर्दी असह्य झाली.

• संपूर्ण प्रवासात डबा एकदाही झाडला नाही. संडास साफ केला नाही. टाकीत पाणी नाही.

• स्टेशनांवर मिळणारा चहा, खाणं आणि ते विकणाऱ्यांची स्वच्छता, सगळंच वाईट.

आणि मग एक हिशेब. पहिल्या वर्गाचं भाडं तिसऱ्याच्या पाचपटीहून जास्त होतं. ठीक आहे, पण तिसऱ्या वर्गाला पहिल्याच्या पाचव्या हिश्शाइतकी तरी सोय मिळते का? दहाव्या हिश्शाइतकी तरी? वर पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या वाढत्या चैनीचा खर्च निघतो तो तिसऱ्या वर्गाच्याच पैशातून, हे त्यांनी दाखवून दिलं.

उपाय म्हणून त्यांनी जी गोष्ट सुचवली, ती आजही कुठल्याही शहराला लागू पडेल. व्हाइसरॉय, सरसेनापती, राजे-महाराजे आणि कौन्सिलचे सभासद यांनी अधूनमधून, आधी न कळवता, तिसऱ्या वर्गानं प्रवास करून बघावा.

यातले तीन शब्द महत्त्वाचे आहेत, आधी न कळवता. कळवून गेलं की डबा धुतलेला मिळतो.

टेबलावर खुर्ची कधी मिळाली?

हे एकट्या गांधीजींचं भांडण नव्हतं. तिसऱ्या वर्गाच्या हालांबद्दल देशभर आरडाओरडा सुरू होता. पहिल्या महायुद्धानं रेल्वेची अवस्था आणखी बिघडवली होती.

१९२० मध्ये सरकारनं विल्यम ॲकवर्थ यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. श्रीनिवास शास्त्री आणि पुरुषोत्तमदास ठाकूरदास यांच्यासारखे भारतीय सदस्य त्यात होते. १९२१ मध्ये अहवाल आला. रेल्वेचं वेगळं बजेट असावं ही शिफारस याच समितीची. १९२४ पासून वेगळं झालेलं हे बजेट २०१७ मध्ये पुन्हा मुख्य बजेटमध्ये मिसळलं.

पण याच अहवालात आणखी एक शिफारस होती. रेल्वेच्या कारभारात भारतीय जनतेला बोलायला जागा हवी, त्यासाठी केंद्रात आणि स्थानिक पातळीवर सल्लागार समित्या हव्यात.

आज विभागीय पातळीवर आणि स्टेशन पातळीवर रेल्वे प्रवाशांच्या ज्या सल्लागार समित्या असतात, त्यांची मुळं त्या काळात आहेत. या समित्या सल्ला देऊ शकतात, निर्णय घेऊ शकत नाहीत. पण प्रवाशाचं म्हणणं कागदावर यावं लागतं, एवढं तरी मान्य झालं.

रेल्वेला शिव्या, रेल्वेनंच प्रवास

आता तुम्ही म्हणाल, हेच गांधीजी रेल्वेच्या विरोधात होते ना?

होते. १९०९ च्या 'हिंद स्वराज' या पुस्तकात त्यांनी रेल्वेवर सडकून टीका केली होती. रेल्वेमुळे रोग पसरतात, धान्य महाग बाजाराकडे ओढलं जातं आणि दुष्काळ वाढतो, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि तरी आयुष्यातले असंख्य दिवस त्यांनी रेल्वेत काढले.

या विसंगतीवर तेव्हाही बोट ठेवलं गेलं. पण त्यांच्या वागण्यात एक सूत्र दिसतं. रेल्वे असावी की नसावी हा वाद वेगळा. ती आहे आणि कोट्यवधी लोक तिच्यात बसतात, तर मग ती माणसांना साजेशी हवी.

दुसरी विसंगती त्यांना स्वतःलाच जास्त टोचली. १९१८-१९ च्या मोठ्या आजारपणानंतर त्यांना तिसऱ्या वर्गाचा प्रवास जवळपास सोडावा लागला. तिसऱ्या वर्गाच्या हालांविरुद्धची चळवळ जोर धरत होती, नेमकं तेव्हाच शरीरानं साथ सोडली. याचं दुःख आणि लाज आपल्याला कायम वाटते, असं त्यांनी आत्मचरित्रात कबूल केलंय. पुढे ते पुन्हा तिसऱ्या वर्गाकडे वळले.

वर्धा: जिथे गाड्या येतात आणि रस्ता संपतो

१९३० च्या दांडी यात्रेला निघताना गांधीजींनी स्वराज्य मिळाल्याशिवाय साबरमती आश्रमात परतणार नाही, असं ठरवलं होतं. मग राहायचं कुठे? जमनालाल बजाज यांनी त्यांना वर्ध्याला बोलावलं.

वर्धा सोयीचं होतं. देशाच्या मधोमध असलेलं गाव, मुंबई-हावडा आणि दिल्ली-मद्रास हे दोन मोठे रेल्वेमार्ग इथे एकत्र येतात. देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातून माणूस गाडीत बसला, की वर्ध्याला उतरू शकत होता.

७ नोव्हेंबर १९३३ ला याच वर्ध्यातून त्यांची हरिजन यात्रा सुरू झाली. अस्पृश्यता निवारणासाठी सुमारे साडेबारा हजार मैलांचा प्रवास. रेल्वे, मोटार, जे मिळेल ते वाहन. स्टेशनवर गाडी थांबली की खिडकीतून हात बाहेर यायचा आणि लोक त्यावर पैसे, दागिने ठेवायचे.

पण मे १९३४ मध्ये ओडिशात पोहोचल्यावर त्यांनी वाहनं बाजूला ठेवली आणि पुरीहून पायी निघाले. गाडी आणि मोटार यांच्या वेगात लोकांशी नीट भेट होत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. कुणाला भेटायचंय, त्यावरून वेग ठरवायचा.

३० एप्रिल १९३६ ला ते वर्धा शहर सोडून शेगावला राहायला गेले. वर्ध्यापासून साधारण आठ किलोमीटरवरचं खेडं. नीट रस्ता नाही, पावसाळ्यात चिखल. विदर्भात दुसरं शेगाव होतंच, टपाल तिकडे जायचं, म्हणून १९४० मध्ये या गावाचं नाव सेवाग्राम झालं.

आता चित्र बघा. ज्या माणसाला भेटायला देशभरातले नेते, परदेशी पत्रकार आणि सरकारी दूत येत होते, तो माणूस राहत होता रस्ता संपतो तिथे. आगगाडीनं वर्ध्यापर्यंत या, पुढे टांगा, बैलगाडी नाहीतर पाय. जून १९४२ मध्ये आलेले अमेरिकन पत्रकार लुई फिशरही टांग्यातूनच सेवाग्रामला पोहोचले. पुढच्याच महिन्यात वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीनं 'भारत छोडो'चा ठराव तयार केला.

देशाचं राजकारण ठरवणाऱ्या माणसांना शेतकऱ्याच्या रस्त्यानं आणि शेतकऱ्याच्या वाहनानं यावं लागत होतं. १९१७ च्या पत्रात व्हाइसरॉय आणि राजे-महाराजांना जे सुचवलं होतं, ते इथे आपोआप घडत होतं.

मनूनं घेतलेले दोन कप्पे

एक अडचण मात्र गांधीजींना कधीच पूर्ण सोडवता आली नाही. ते तिसऱ्या वर्गानं जायचे, पण तो तिसरा वर्ग बाकीच्यांसारखा राहायचा नाही. गर्दी, सुरक्षा आणि सोबतची माणसं यांमुळे त्यांच्यासाठी डबा राखून ठेवला जायचा.

१९४७ च्या मार्चअखेर ते लॉर्ड माउंटबॅटन यांना भेटायला पाटण्याहून दिल्लीला निघाले. सोबत त्यांची चुलत नात मनू होती. बापूंना आराम मिळावा आणि स्वयंपाक, सामान बाजूला राहावं, म्हणून तिनं दोन कप्प्यांचा डबा घेतला.

गांधीजींना हे कळल्यावर ते नाराज झाले. बाहेर माणसं गाडीला लटकून प्रवास करतायत आणि आपण दोन कप्पे अडवून बसायचं? पुढच्या स्टेशनवर त्यांनी स्टेशन मास्तरला बोलावून दुसरा कप्पा प्रवाशांना द्यायला सांगितलं. स्टेशन मास्तरनं लोकांसाठी जादा डबा जोडायची तयारी दाखवली. पण गांधीजी म्हणाले, तो डबा जोडाच, पण हा कप्पाही त्यांना द्या. सामान एका कप्प्यात आलं आणि दुसरा मोकळा झाला.

तेव्हा देशाची सत्ता कुणाच्या हाती जाणार हे ठरवायला ते निघाले होते. त्या धावपळीतही ७७ वर्षांच्या या माणसाला डब्यातली जागा दिसत होती.

शेवटचा प्रवास

ऑगस्ट १९४६ मध्ये गांधीजी सेवाग्राम सोडून दिल्लीला गेले. पुढे नोआखाली, बिहार, कलकत्ता, दिल्ली. फेब्रुवारी १९४८ मध्ये सेवाग्रामला परतायचा त्यांचा विचार होता. ३० जानेवारीला त्यांची हत्या झाली.

११ फेब्रुवारीला त्यांच्या अस्थी घेऊन एक खास गाडी दिल्लीहून अलाहाबादला निघाली. तिला जोडलेले डबे तिसऱ्या वर्गाचे होते.

महिन्याभरानं, मार्च १९४८ मध्ये, सेवाग्रामला बैठक भरली. पंडित नेहरू, राजेंद्र प्रसाद, विनोबा असे सगळे आले. ज्यांच्यासाठी जमायचं ठरलं होतं, ते तेवढे नव्हते.

मग तिसऱ्या वर्गाचं काय झालं?

१९७४ मध्ये भारतीय रेल्वेतून तिसरा वर्ग अधिकृतपणे संपला. पण डब्यांतल्या लाकडी फळ्या तशाच राहिल्या, नाव तेवढं दुसरा वर्ग झालं.

त्या फळ्यांवर गादी आली ती १९७७ नंतर, जेव्हा मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या स्लीपरमध्ये दोन इंच जाडीचा फोम बसवायचा निर्णय त्यांनी घेतला. आज ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण दोन रात्री लाकडावर बसून काढणाऱ्याला दोन इंचांची किंमत विचारून बघा.

२००६ च्या राष्ट्रीय शहरी वाहतूक धोरणानं एक तत्त्व मांडलं, शहराचं नियोजन गाड्यांसाठी नको, माणसांसाठी हवं. ते प्रत्यक्षात उतरतं का, हे कळायची कसोटी जुनीच आहे. बसचा थांबा ठरवणारा माणूस त्या थांब्यावर कधी उन्हात उभा राहिलाय का? मेट्रोच्या जिन्याचा नकाशा काढणारा कधी म्हातारीला घेऊन तो जिना चढलाय का? शेअर रिक्षाचा मार्ग आखताना रिक्षावाल्याला आणि शेवटच्या फेरीनं घरी जाणाऱ्या बाईला कुणी विचारलंय का?

आणि दुसरी बाजूही तेवढीच खरी. डबा घाण करायचा, दार अडवायचं, वरच्या फळीवर पाय पसरून खालच्याला बस म्हणायचं आणि मग रेल्वेला शिव्या द्यायच्या, हे गांधीजींना मान्य नव्हतं. प्रवाशाला बोलायला जागा हवी असेल, तर त्यानं शेजाऱ्यालाही जागा द्यावी, एवढी त्यांची अट होती.

आज मुंबई-हावडा मार्गावर वर्ध्याच्या अलीकडे-पलीकडे एक स्टेशन लागतं. एकेकाळी त्याचं नाव वर्धा ईस्ट होतं. आता पाटीवर सेवाग्राम लिहिलेलं आहे. गाडी तिथे थोडाच वेळ थांबते आणि जनरलच्या डब्यात अजूनही त्याच जागेसाठी रेटारेटी होते.